अळवाच्या पानापासून सोन्याच्या पाण्यापर्यंत: सगळ्या ब्रँचच्या मुलांना एकत्र नॅनोटेक्नॉलॉजी कशी शिकवायची

दर जूनमध्ये कुणीतरी ओळखीचा शिक्षक फोन करतोच, "मॅडम, यंदा आमच्याकडे नॅनोचा इलेक्टिव्ह काढलाय आणि तो माझ्याकडे आलाय, वर्गात फिजिक्सची, बायोटेकची, मेकॅनिकलची, आयटीची सगळी मुलं आहेत, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्याच कॅम्पसमध्ये आमच्याच संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि दोन्हीकडच्या मुलांना एकत्र घेऊन दर शनिवारी दोन तास हा कोर्स घेते.

पहिल्या वर्षी काय चुकलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. मी पुस्तकाच्या क्रमाने गेले. पहिल्या लेक्चरला व्याख्या आणि इतिहास, दुसऱ्याला श्रोडिंगरचं समीकरण, तिसऱ्याला डब्यातला कण (छोट्या जागेत कोंडलेल्या कणाचं क्वांटम गणित). फिजिक्सवाल्यांना ते आधीच येत होतं, बायोटेकच्या मुली नुसतं उतरवून घेत होत्या आणि मेकॅनिकलची पोरं चौथ्या शनिवारी आलीच नाहीत. दोष मुलांचा नव्हता. मी विषय अशा टोकापासून सुरू केला होता की जिथे फक्त एका ब्रँचला उभं राहायला जागा होती.

तेव्हापासून मी एकच नियम धरलाय: नॅनो हा वेगळा विषय नाही, ती एक साइज आहे, साधारण १ ते १०० नॅनोमीटर, आणि त्या साइजला आल्यावर प्रत्येक ब्रँचची ओळखीची वस्तू वेगळी वागायला लागते. म्हणून वस्तू एकच घ्यायची, टेबल एकच ठेवायचं, आणि काम असं द्यायचं की चार ब्रँचच्या चार मुलांना एकमेकांशिवाय ते पूर्णच करता येऊ नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्यात.

पायरी पहिली: ग्रुप तुम्ही पाडा, मुलांना पाडू देऊ नका

मुलांवर सोडलं की केमिस्ट्रीवाले केमिस्ट्रीवाल्यांशेजारी बसतात आणि कोर्स तिथेच संपतो. चार-चारचे ग्रुप करा, प्रत्येकात एक केमिस्ट्री किंवा केमिकलवाला, एक फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाला, एक बायोवाला आणि एक कॉम्प्युटर, मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाला. ग्रुप सेमिस्टरभर तोच ठेवा. पहिले दोन शनिवार कुणी कुणाशी बोलत नाही, घाबरू नका, तिसऱ्या शनिवारी पाण्याची परात आली (खालची तिसरी पायरी) की बोलायला लागतात.

पायरी दुसरी: पहिल्या तासाला पीपीटी नको, अळूचं पान आणा

जून-जुलैत मुंबईत कुठल्याही भाजीवालीकडे अळू मिळतो. प्रत्येक ग्रुपला एक पान, एक ड्रॉपर, वाटीभर पाणी. अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार घरात सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण ते पाणी ठरत का नाही हे कुणी विचारलेलं नसतं. थेंब टाकायचा, पान हलकंच तिरकं करायचं, थेंब गोटीसारखा घरंगळतो आणि जाताना वाटेतली धूळ उचलून नेतो. मग त्याच पानाचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने बोटाने चोळायचा, धुवायचा आणि परत थेंब टाकायचा. आता तो चिकटतो, पसरतो. दोनच मिनिटांत मुलांना कळतं की पान तेच आहे, पण वरच्या थरातलं काहीतरी आपण मोडलं.

जे मोडलं ते म्हणजे पानावरचे मायक्रॉन मापाचे उंचवटे आणि त्यांच्यावरचं मेणाचं नॅनो मापाचं नक्षीकाम. थेंब त्या टोकांवर टेकलेला असतो, खाली हवा अडकलेली असते. कमळाच्या पानाचंही तसंच, १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते नीट दाखवलं आणि जगभर त्याला लोटस इफेक्ट नाव पडलं. मुलांना मोबाइलने थेंबाचा बाजूने फोटो काढायला सांगा, तो इमेज-जे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकून पान आणि थेंब यांच्यातला कोन मोजायला सांगा. चांगल्या पानावर १५० अंशांच्या पुढे-मागे येतो, चोळलेल्या ठिकाणी बराच खाली पडतो. पहिल्याच दिवशी मोजलेला आकडा हातात पडतो, आणि तो बॉटनी, फिजिक्स आणि कॉम्प्युटर तिघांनी मिळून काढलेला असतो.

पायरी तिसरी: परातीत रेणू मोजा

हा माझा सगळ्यात आवडता तास आहे आणि याला दोन पूर्ण तास द्या, घाई करू नका. मुलांना नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग हे पाठ असतं, पण अंगात मुरलेलं नसतं. केसाची जाडी ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर वगैरे सांगून काहीही होत नाही. स्वतः १ नॅनोमीटरच्या आसपासचं काहीतरी मोजलं की मगच मुरतं.

लागतं काय तर मोठी परात, टाल्कम पावडर, ओलिक ॲसिड, अल्कोहोल, ड्रॉपर, पट्टी. १ मिली ओलिक ॲसिड अल्कोहोलमध्ये १०० मिलीपर्यंत न्यायचं, त्यातलं १० मिली परत १०० मिलीपर्यंत. म्हणजे आता हजारात एक भाग ओलिक ॲसिड. ड्रॉपरने १ मिलीत किती थेंब बसतात ते मोजून घ्या, समजा ४० आले. परातीत पाणी भरा, त्याच्यावर पावडर अगदी हलकी भुरभुरा आणि पंखा बंद करा. मुंबईच्या उकाड्यात मुलं कुरकुर करतात पण पंखा चालू असला तर पावडर एका कडेला जाते आणि काही दिसत नाही. आधी नुसत्या अल्कोहोलचा एक थेंब टाकून दाखवा, पावडर क्षणभर सरकते आणि परत येते. मग द्रावणाचा एकच थेंब मधोमध. पावडर झटकन बाजूला होते आणि एक स्वच्छ गोल तयार होतो जो तसाच राहतो.

आता हिशोब. थेंबातलं ओलिक ॲसिड म्हणजे १ मिलीच्या चाळीसाव्या भागाचा हजारावा भाग, ०.००००२५ घन सेंटिमीटर. गोलाचा व्यास समजा १४.५ सेंटिमीटर आला, तर क्षेत्रफळ साधारण १६५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की जाडी येते दीड नॅनोमीटरच्या आसपास. रेणू ताणून साधारण २ नॅनोमीटर लांब, मधल्या डबल बाँडमुळे वाकडा, म्हणजे उत्तर अगदी जवळचं आहे. मेकॅनिकलचा एक मुलगा तीनदा कॅल्क्युलेटर मारून बघत होता आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, म्हणजे मी पट्टीने रेणू मोजला?" हो, पट्टीनेच.

तेव्हाच त्यांना बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगते. त्याने लंडनच्या क्लॅफममधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, ते त्याने १७७४ मध्ये छापलं. मुलांना म्हणायचं, चमचा म्हणजे ५ मिली, अर्धा एकर म्हणजे साधारण २००० चौरस मीटर, करा भागाकार. अडीच नॅनोमीटर येतात. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही, आमच्या मुलांनी केला.

याच तासाला पृष्ठभागाचं गणित उरकून टाका. १ सेंटिमीटरचा ठोकळा, सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण क्षेत्रफळ ६००० चौरस मीटर, फुटबॉलच्या मैदानापेक्षा थोडंसंच कमी. वस्तुमान तेच. उत्प्रेरक, औषध, बॅटरी, सिमेंटमधली नॅनोसिलिका, सगळ्यांची अर्धी गोष्ट या एका गणितात आहे, म्हणून प्रत्येक ब्रँचच्या मुलाने ते स्वतः फळ्यावर येऊन करायचं.

पायरी चौथी: सोनं लाल करा

आता मुख्य काम. गोल्ड क्लोराइड (ज्याच्यापासून हे लाल सोनं करायचं तो सोन्याचा क्षार) महाग आहे हे ऐकूनच एचओडी नाही म्हणतात, तर त्यांना हा हिशोब दाखवा: १ ग्रॅममध्ये अडीच लिटर १ मिलीमोलर द्रावण होतं, एका प्रयोगाला २० मिली लागतं, म्हणजे एका बाटलीत सव्वाशे प्रयोग. काही वर्षं पुरतं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे हा क्षार हवेतलं पाणी भयंकर ओढतो आणि आपल्याकडे जुलैत तर उघडल्याबरोबर चिखल होतो, त्यामुळे थोडं थोडं वजन करायच्या फंदात न पडता अख्खी बाटली एकदाच डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून स्टॉक करा, काळ्या बाटलीत, फॉइल गुंडाळून, फ्रिजमध्ये. दुसरं म्हणजे स्टीलचा स्पॅच्युला लावायचा नाही, मी लावला होता, स्पॅच्युलाही गेला आणि तेवढं सोनंही त्याच्यावरच बसलं.

कृती १९५१ सालची, टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाची. २० मिली १ मिलीमोलर गोल्ड क्लोराइड ढवळत उकळायचं, चांगलं उकळलं की १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली एकदम ओतायचं आणि उकळत ठेवायचं. फिकट पिवळा रंग आधी जातो, पाणी जवळजवळ स्वच्छ होतं, मग काळपट जांभळी झाक येते आणि दहाएक मिनिटांत कोकम सरबताचा लाल रंग चढतो. हे होताना मुलांना टेबलाभोवती उभं करा, मोबाइलने व्हिडिओ घ्यायला सांगा आणि तुम्ही गप्प राहा.

सायट्रेट इथे दोन कामं करतं, सोन्याच्या आयनांचं सोनं करतं आणि तयार झालेल्या कणांभोवती बसून त्यांना ऋण प्रभार देतं म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. कण साधारण १३ नॅनोमीटरचे, एकेकात साठ-सत्तर हजार अणू. लाल का दिसतं? कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावे घेतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. झवेरी बाजारातलं पिवळं सोनं आणि हे लाल पाणी, दोन्ही तेच सोनं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच सांगितलं होतं की हा रंग सोन्याच्या अतिशय बारीक कणांचा आहे.

आता प्रत्येक ब्रँचचं काम वाटून द्या. फिजिक्सवाल्याने लाल लेझर पॉइंटर सोडायचा, सोन्याच्या पाण्यात किरणाची रेघ दिसते, खायच्या लाल रंगाच्या पाण्यात दिसत नाही, म्हणजे इथे विरघळलेला रंग नाही, कण आहेत. युव्ही-व्हिज (कुठला रंग किती गिळला जातो ते मोजणारं यंत्र) असेल तर त्याने आलेख काढायचा. कॉम्प्युटरवाल्याने व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेममधून लाल, हिरवा, निळा आकडा पायथॉनने काढून वेळेबरोबर ग्राफ करायचा, हिरवा कसा पडत जातो ते दिसतं. ज्या कॉलेजात युव्ही-व्हिज नाही तिथे मोबाइल हेच तुमचं यंत्र.

आणि इथेच मीठ. लाल पाणी छोट्या बाटल्यांत वाटून एकीत मिठाचं पाणी थेंबथेंब घालायचं, दुसरीत साखरेचं. साखरेने काही होत नाही, मिठाने क्षणात निळं-जांभळं. मिठाचे आयन प्रभार झाकून टाकतात, कण जवळ येतात, रंग लाल टोकाकडचा गिळायला लागतात. तिसऱ्या बाटलीत आधी अंड्याचा पांढरा बलक थोडासा पाण्यात पातळ करून घालायचा आणि मग मीठ, आता रंग टिकतो. प्रथिनांनी कणांना पांघरूण घातलं. केमिस्ट्रीची मुलं गोल्ड नंबरची (सोन्याच्या कणांना मिठापासून वाचवायला किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो त्याची) व्याख्या पाठ करतात ना, १० मिली सोल म्हणजे असं सोन्याचं पाणी, १० टक्के मिठाचं १ मिली पाणी, ती रसायनशास्त्रज्ञ झिग्मोंडीची कल्पना नेमकी हीच, आणि त्याला १९२५ सालचं नोबेल मिळालं. व्याख्या पाठ असलेल्या मुलीने ती पहिल्यांदा डोळ्याने बघितली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

एकदा एका ग्रुपचं पाणी उकळतानाच जांभळं-काळं झालं. बाकी सगळ्यांचं लाल. ते रडवेले झाले, मी मात्र ते ओतू दिलं नाही. मुलांना म्हटलं, शोधा. अर्धा तास वाद घातल्यावर बायोटेकच्या मुलीने विचारलं की बीकर कशाने धुतलं, तर मेकॅनिकलवाल्याने नळाखाली विसळलं होतं आणि डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं राहिलं होतं. आम्ही तिथल्या तिथे चांगल्या लाल पाण्यात नळाच्या पाण्याचे थेंब घालून खात्री केली. आता मी दरवर्षी एक बीकर मुद्दाम तसाच ठेवते.

बजेट अगदीच नसेल तर चांदी करा. ३० मिली २ मिलीमोलर सोडियम बोरोहायड्राइड बर्फात गार करून ढवळत ठेवा, त्यात १० मिली १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट सेकंदाला एक थेंब या वेगाने, पिवळं धमक पाणी होतं. बोरोहायड्राइड ताजंच बनवा, सकाळचं दुपारी चालत नाही.

पायरी पाचवी: न दिसणारं बघायचं कसं

एसटीएमचा (बारीक टोक पृष्ठभागावरून फिरवून अणू दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपचा) शोध बिनिग आणि रोहरर यांनी १९८१ मध्ये लावला, नोबेल १९८६ मध्ये, त्याच साली त्याचाच भाऊबंद एएफएम आला, हे दोन वाक्यांत सांगा आणि मुलांच्या हातात चपलांचा खोका द्या. आत कुठलीही वस्तू चिकटवलेली, झाकणावर एक-एक सेंटिमीटर अंतरावर भोकं, आणि एक बांबूची काडी. प्रत्येक भोकातून काडी किती आत जाते ते मोजायचं, एक्सेलमध्ये भरायचं, सरफेस ग्राफ काढायचा. वस्तू दिसायला लागते. मग विचारा, भोकं अर्ध्या सेंटिमीटरवर असती तर? काडी जाड असती तर? रिझोल्यूशन हा शब्द त्यांनाच सापडतो.

खरा फोटो हवाच. सोन्याचा एक नमुना पवईला आयआयटीच्या सॅइफमध्ये (बाहेरच्यांनाही यंत्रं वापरू देणाऱ्या केंद्रात) टीईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोसाठी पाठवा, फी भरावी लागते, नंबर लागायला वेळ जातो, म्हणून सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच अर्ज करा. एकदा फोटो आले की तेच वर्षानुवर्षं वापरता येतात. प्रत्येक मुलाने शंभर कण मोजून हिस्टोग्राम काढायचा. सगळे कण १३ चे नसतात हे हाताने मोजल्याशिवाय पटत नाही.

पायरी सहावी: आता थिअरी

डब्यातला कण आत्ता शिकवा, सातव्या-आठव्या आठवड्यात. डबा लहान केला की ऊर्जेच्या पायऱ्या लांब होतात, म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळसर आणि ६ चा लाल चमकतो. बावेंडी, ब्रुस, एकिमोव्ह यांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे असल्याच कणांसाठी मिळालं. आता मेकॅनिकलचं पोरसुद्धा समीकरणाकडे बघतं कारण त्याला रंगाचं कारण हवं असतं. पण लाल सोनं आणि क्वांटम डॉट यांची कारणं वेगळी आहेत हे ठासून सांगा, बरीच पुस्तकं आणि आम्ही शिक्षकही दोन्ही एकाच पोत्यात घालतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी एक तास. मोबाइलच्या जाहिरातीतलं ३ नॅनोमीटर हे पिढीचं नाव आहे, त्या चिपवर ३ नॅनोमीटर लांबीचं गेट (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) नसतं, दोन गेट्समधलं अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या घरात असतं. नॅनोहब या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या साइटवर फुकट सिम्युलेशन आहेत, तिथे मुलं स्वतः आकार बदलून बघू शकतात. जुनी सीडी आणि डीव्हीडी लेझरसमोर धरून ठिपक्यांच्या कोनावरून रेघांमधलं अंतर काढायलाही सांगा, १६०० आणि ७४० नॅनोमीटर येतात.

बायोवाल्यांसाठी कोविडची रॅपिड टेस्ट किट. ती जी लाल रेघ येते ती बहुतेक किट्समध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच. चौथ्या पायरीत बनवलेलं लाल पाणी शेजारी ठेवून दाखवा.

पूर्वजांना नॅनो माहीत होतं का, हा प्रश्न दरवर्षी येतो. टाळू नका. भस्मं, काजळी, पोलादी तलवारी, रोमचा चौथ्या शतकातला लायकर्गस प्याला (काचेत सोन्या-चांदीचे बारीक कण असलेला), कारागिरांना परिणाम साधता येत होता आणि तो खरोखर थोर होता. कण मोजून कारण सांगणं नंतर आलं. दोन्ही वाक्यं पूर्ण बोलायची, एकच बोललं की अर्धा वर्ग दुखावतो नाहीतर अर्धा फसतो.

सेफ्टी आणि खरेदी

कोरडी नॅनोपावडर अंडरग्रॅज्युएट लॅबमध्ये आणायचीच नाही, ती श्वासातून जाते, सगळं काम द्रावणात. कॅडमियमवालं काहीही बनवायचं नाही, चमकणारे डॉट्स दाखवायचे असतील तर सायट्रिक ॲसिड आणि युरिया थोड्या पाण्यात घालून फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) पिवळं-तपकिरी होईपर्यंत तापवा, नोटा तपासायच्या युव्ही टॉर्चखाली निळं-हिरवं चमकतं. काचसामानाला अॅक्वा रेजिया (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) लावायची असेल तर ती तुम्ही किंवा अनुभवी लॅब असिस्टंटने, मुलांनी नाही, नाहीतर सरळ सोन्यासाठी नव्या बाटल्या वेगळ्या ठेवा. चांदीचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, चांदी जंतू मारते आणि सांडपाण्यातल्या उपयोगी जंतूंनाही सोडत नाही. मोठ्या अक्षरात लेबल लावलेला कॅन ठेवा, आमचे लॅबमामा तो दर शनिवारी स्वतः तपासतात.

काचसामान, केमिकल्स प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारात मिळतात, लेझर, एलईडी, सेन्सर लॅमिंग्टन रोडला. शनिवारी दुपारी जाऊ नका, गर्दीत काहीही सापडत नाही.

मार्क कसे द्यायचे

लेखी परीक्षा ठेवा पण वायवाला (तोंडी परीक्षेला) जास्त वजन द्या, आणि वायवा उलटा घ्या. आयटीच्या मुलाला विचारायचं की सायट्रेट काय करतं, केमिस्ट्रीच्या मुलीला विचारायचं की हिरवा आकडा का पडला, मेकॅनिकलवाल्याला अंड्याच्या बलकाबद्दल. स्वतःचं काम सगळ्यांनाच येतं, शेजाऱ्याचं काम समजलं का ते बघायचं असतं. हे पहिल्याच शनिवारी सांगून ठेवा, म्हणजे प्रॅक्टिकल चालू असताना मुलं एकमेकांना आपणहून विचारत राहतात, आणि तुम्हाला बेंचवर जाऊन फक्त ऐकायचं उरतं.